‘उजवा हात’ आणि बॅगांची जाहिरात

३ ऑक्टोबर

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चोपन्न, औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे मुख्य लेखापाल. घरात आणि नात्यागोत्यात मला ‘ऑडिटर’ म्हणतात. वस्तुतः मी ऑडिटर नाही. ऑडिटर बाहेरून येतो आणि लेखापालाच्या चुका काढतो. हा फरक मी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सासरच्या मंडळींना सविस्तर समजावून सांगितला, आणि तेव्हापासून ते नाव कायमचे चिकटले. ही दैनंदिनी मी एकाच निर्णयापुरती ठेवीत आहे: माझ्या ब्लॉगवर जाहिराती घ्याव्यात किंवा कसे. निर्णय पक्का झाला की ही बंद होईल.

पार्श्वभूमी नोंदवणे आवश्यक आहे. मे महिन्यात सौभाग्यवतीला पक्षाघाताचा झटका आला. वाचा काही दिवसांत परत आली. तिच्या भावाच्या मते थोडी जास्तच परत आली. पावसाळ्यात ती काठीशिवाय चालू लागली. उजवा हात मात्र मागे राहिला. ती चष्म्याच्या दुकानात काम करीत असे आणि चष्म्याच्या काडीतला मोहरीएवढा स्क्रू तिच्या बोटांत जसा बसे तसा मी अन्य कोणाच्या बोटांत बसलेला पाहिला नाही. माझ्या स्वतःच्या चष्म्याची डावी काडी सध्या दोऱ्याने बांधलेली आहे. दुकान रस्त्यापलीकडेच आहे. मी चष्मा तेथे नेलेला नाही. त्याचे कारण नोंदवण्याची गरज वाटत नाही.

ब्लॉगचे नाव ‘उजवा हात’. रुग्णाला घरी आणल्यानंतर नेमके काय करायचे हे आम्हाला कोणी नीट सांगितले नाही. म्हणून आम्ही काय केले, कशाचा उपयोग झाला, कशाचा झाला नाही, हे मी क्रमाने लिहू लागलो. मी स्वतः डावखुरा असल्यामुळे ब्लॉगच्या नावावर घरात पुष्कळ विनोद झालेले आहेत.

आठवड्यातून तीनदा फिजिओ मॅडम येतात. त्यांचा खर्च माझ्या कार्यालयाची वैद्यकीय योजना देते, परंतु ती मदत नोव्हेंबरअखेर संपते. मॅडमनी मला दाराशी बाजूला घेऊन सांगितले, “हे सहा-आठ महिने हाताच्या शिकण्याचे आहेत. आत्ता खंड पडू देऊ नका.” पुढचा खर्च माझ्या पगारातून निघण्यासारखा नाही. प्रश्न एवढाच आहे.

४ ऑक्टोबर

मेहुणा आला होता. त्याचे संगणक विक्रीचे दुकान आहे आणि जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्याच्याकडे एखादे बटण असते.

“भाऊजी, एवढी माणसं रोज तुमच्या ब्लॉगवर येतात, आणि तुम्ही गल्ल्याशिवाय दुकान थाटून बसलाय,” तो म्हणाला.

“ते दुकान नाही.”

“बरं, पाणपोई. पण पाणपोईवरसुद्धा देणाऱ्याच्या नावाची पाटी असतेच की! बाजूच्या कोपऱ्यात जाहिरात दिसेल. कोणी तिच्यावर क्लिक केलं तर जाहिरातदार पैसे देणार, नाही केलं तर नाही. वाचणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही.”

“वाचणाऱ्याचे लक्ष जाते,” मी म्हणालो.

सौभाग्यवती खिडकीजवळ खुर्चीत रबरी चेंडू दाबत बसली होती. ती म्हणाली, “लक्ष जातं तर जाऊ दे की. तुमचं लिखाण वाचताना माझंही जातं.”

मेहुणा इतका हसला की चहा सांडला. मी विचार करण्यास मुदत मागून घेतली.

११ ऑक्टोबर

विरोधी बाजू: माझे वाचक हे संकटातले लोक आहेत. घाबरलेल्या माणसासमोर काय ठेवावे याला काही मर्यादा असावी. अनुकूल बाजू: मॅडम. आठवडाभर याच दोन वाक्यांपाशी मी अडखळलो आहे.

आज सकाळी चहाच्या वेळी तिने विचारले, “छडी डिसेंबरात येणार का हो?” तिने फिजिओ मॅडमचे हे नाव ठेवलेले आहे. मी म्हणालो, येणार. ती म्हणाली, “तुम्ही खोटं बोलताना चष्मा पुसता.” दोरा सोडवून चष्मा पुसणे हे दोन हातांचे काम आहे, त्यामुळे नाकारण्यास वाव नव्हता.

तात्पुरता निर्णय: नोव्हेंबरअखेरपर्यंत जाहिराती घेऊन पाहाव्यात.

१३ ऑक्टोबर

अर्ज करण्यापूर्वी जाहिरात कंपनीच्या संपूर्ण अटी वाचल्या. मेहुण्याला हे अनावश्यक वाटले. त्याच्या मते अटी वाचणारा मी जगातला पहिलाच इसम आहे. घरातल्या प्रत्येकाला त्या ठाऊक असाव्यात म्हणून संध्याकाळी मी सर्व कलमे मोठ्याने वाचून दाखवली. त्यांतले सर्वांत महत्त्वाचे असे, की ब्लॉग चालवणाऱ्याने अथवा त्याच्या घरच्यांनी आपल्याच पानावरील जाहिरातींवर क्लिक करू नये, आणि तसे करण्यास इतरांनाही सांगू नये. मेहुणा दुसऱ्याच कलमाला ‘दुकानात गिऱ्हाईक आहे’ म्हणून निघून गेला. सौभाग्यवतीने मात्र शेवटपर्यंत, डोळे मिटून, अत्यंत एकाग्रतेने ऐकले. मला खरोखर बरे वाटले.

१९ ऑक्टोबर

मंजुरी आली. ‘उजवा हात’च्या उजव्या बाजूला आता एक चौकोन आहे. आज त्यात प्रवासी बॅगा आहेत. लाल, निळ्या, चाके असलेल्या. माझ्या लेखाचा विषय होता ‘अंथरुणावर कूस कशी बदलावी’. शेजारी बॅगा विसंगत दिसतात, परंतु निरुपद्रवी आहेत.

“छान आहे हो ती लाल,” सौभाग्यवती मागे उभी राहून म्हणाली. “ओढायची असते ना? उचलायला नको.”

२२ ऑक्टोबर

पहिले क्लिक्स. मिळकत हास्यास्पद आहे, तरी मला नोंदवले पाहिजे की मी काही वेळ पडद्यासमोर नुसता बसून राहिलो. कोठेतरी, कोणत्या गावात मला माहीत नाही, एका माणसाने माझे लिखाण वाचले, त्याचे बोट हलले, आणि त्यातून माझ्या घरातल्या बोटासाठी काही जमा झाले. त्या अज्ञात व्यक्तीचा मी ऋणी आहे.

एक किरकोळ बाब. कार्यालयातून आलो तेव्हा माउस कीबोर्डच्या उजव्या बाजूला होता. मी डावखुरा असल्यामुळे तो नेहमी डावीकडे असतो. घर पुसणाऱ्या बाईंना सांगितले पाहिजे.

२८ ऑक्टोबर

क्लिक्स वाढत आहेत. आकडेवारीवरून असे दिसते की ते मुख्यत्वे दुपारी होतात. याचा अर्थ मी असा लावला: दुपारी रुग्ण झोपतात, आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना तेवढाच निवांत वेळ मिळतो. त्या थकलेल्या माणसांना आपली विश्रांतीची वेळ माझ्या पानावर घालवावीशी वाटते, ही जाणीव मला नम्र करणारी आहे. हा विचार मी जेवताना बोलून दाखवला.

“हो ना,” सौभाग्यवती म्हणाली, आणि तिला ठसका लागला. मी पाणी दिले.

बाईंनी आपण टेबलाला हातही लावत नसल्याचे शपथेवर सांगितले. माउस पुन्हा उजवीकडेच होता. आता माझा संशय मेहुण्यावर आहे. त्याच्याकडे घराची किल्ली असते.

२ नोव्हेंबर

फिजिओ मॅडमनी आज तिचे बोट बराच वेळ निरखले. “नवीन काही करताय का?”

मी ठरलेला कार्यक्रम सांगितला: रबरी चेंडू, कापडाचा पिळा, ठोकळे.

“त्याने पकड येते,” मॅडम म्हणाल्या. “पण मूठ आवळणं सोपं असतं हो, सोडणं अवघड. यांचं पहिलं बोट उचलायला लागलंय. मी ते अजून नीट शिकवलेलंही नाही.”

“चेंडूच,” सौभाग्यवती घाईने म्हणाली. “चेंडू फार गुणाचा आहे.”

मी तत्काळ ‘चेंडूचे महत्त्व’ या विषयावर लेख लिहिला. चांगल्या दर्जाचा चेंडू कोठे मिळेल हेही नमूद केले. आज मी अत्यंत आनंदात आहे. एक बोट, तेही थोडेसे. परंतु ते स्वतःहून वर आले.

९ नोव्हेंबर

आजचा दिवस वाईट गेला.

ब्लॉगचे एक जुने वाचक आहेत, दूरच्या गावी त्यांची बेकरी आहे, त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. सुरुवातीपासून ते मला लिहीत आले आहेत. वडिलांनी प्रथम पाव स्वतःच्या हाताने तोंडाशी नेला तेव्हा त्यांनी छायाचित्र पाठवले होते. आज त्यांनी विचारले: “साहेब, तुमच्या पानावर तेलाची जाहिरात पाहिली. एका महिन्यात लकवा बरा, खात्रीशीर. तुमच्यासारखा माणूस तपासल्याशिवाय काही ठेवणार नाही हे आम्हाला माहीत आहे. वडिलांचे व्यायाम थांबवून तेल सुरू करतो. किती बाटल्या मागवू?”

मी कार्यालयातून पळतच घरी आलो. चौकोनात बॅगा नव्हत्या. एक बाटली होती, आणि शेजारी उडी मारणारे आजोबा.

बेकरीवाल्यांना ताबडतोब कळवले: तेल मागवू नका, व्यायाम थांबवू नका, मी काहीही तपासलेले नाही, चौकोनात काय यावे हे माझ्या हातात नाही. हे शेवटचे वाक्य लिहिताना मला लाज वाटली. ज्या पानावर माझे म्हणून प्रत्येक वाक्य मी तीनदा तपासतो, त्याच पानाचा एक कोपरा मी न तपासता भाड्याने दिला होता. आणि वाचकाला माझी बाजू कोणती आणि भाडेकरूची कोणती, हे कसे कळावे?

त्यांचे उत्तर आले: “बरे झाले विचारले. व्यायाम चालू ठेवतो. तुमचे उपकार.” माझे उपकार! मी त्यांचे मानले.

१० नोव्हेंबर

ती जाहिरात रोखली. संध्याकाळी तीच बाटली दुसऱ्या नावाने आली. आजोबाही तेच होते.

सौभाग्यवतीला सांगितले की मी हा प्रकार बंद करण्याच्या विचारात आहे. तिचा चेहरा उतरला.

“इतक्यात नको ना हो,” ती म्हणाली. “महिनाअखेरपर्यंत तरी.”

“त्या बेकरीवाल्यांच्या वडिलांचे काय झाले असते?”

“ते बरोबरच आहे तुमचं. बाटली काढाच. पण बॅगा राहू द्या. बॅगांनी कोणाचं वाईट केलंय?”

मॅडम येणे बंद होईल या भीतीने ती असे म्हणत असावी. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती टेबलाकडे पाहत राहिली. दुसऱ्या नावाची बाटलीही रोखली आणि निर्णय महिनाअखेरपर्यंत लांबवला.

१६ नोव्हेंबर

जाहिरात कंपनीचा संदेश: “आपल्या पानावरील जाहिरातींवर एकाच ठिकाणाहून वारंवार अवैध क्लिक्स झाल्याचे आढळले आहे. आपले खाते बंद करण्यात येत असून जमा रक्कम जाहिरातदारांना परत केली जाईल.”

अवैध! तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कागदावर कोणी तांबडी रेघ ओढलेली नाही. मी मेहुण्याला फोन केला. माझा आवाज चढलेला होता.

“किल्ली तुझ्याकडे असते. माउस उजवीकडे तूच ठेवतोस. मला मदत करायची म्हणून असले उद्योग?”

“भाऊजी, देवाशप्पथ, मी महिनाभर तुमच्या घरी पाऊल टाकलं नाहीये. दुकानातनं मान वर काढायला वेळ नाही, तुमच्या बॅगांवर कुठे टिचक्या मारत बसू?”

“मग दुपारी या घरात कोण असते?”

मग तो हळूच म्हणाला, “ऑडिटर, आता तुम्हीच विचार करा. दुपारी घरात कोण असतं?”

मी फोन ठेवला आणि वळलो. ती दारात उभी होती.

“मीच दाबलं,” ती म्हणाली. “ओरडायचं तर मला ओरडा. त्याला नको.”

मी तिला कलमाची आठवण करून दिली. मी सर्व कलमे मोठ्याने वाचली होती, हेही सांगितले.

“मी तिसऱ्याच कलमाला झोपले होते. तुम्ही इतकं छान वाचता.”

“परंतु का?”

ती खुर्चीत बसली. “चेंडू दाबून दाबून कंटाळा येतो हो. तो काही बोलत नाही, काही दाखवत नाही. बॅगेवर दाबलं की नवं पान उघडतं. आतून कशी, कप्पे किती, चाकं कशी फिरतात, सगळं दिसतं. आणि…” ती थांबली. “तुम्हीच म्हणालात ना, त्याचे पैसे मिळतात? मे महिन्यानंतर पहिल्यांदा मी काहीतरी कमावत होते. छडीचे पैसे मी स्वतः आणतेय असं वाटायचं. दुपारची वाट बघायचे मी.”

मला पुष्कळ बोलायचे होते. नियम, विश्वास, कंपनी, माझे नाव. परंतु इतक्या वर्षांची सवय अशी की प्रथम तपशील पूर्ण करावा. म्हणून मी विचारले, “कोणत्या हाताने?”

तिने उजवा हात मांडीवरून उचलला आणि पहिले बोट माझ्यासमोर धरले. “डाव्याने केलं असतं तर माउस डावीकडेच नसता का राहिला?” ती म्हणाली. “एवढं कसं हो कळलं नाही तुम्हाला? ऑडिटर म्हणे!”

मी माउस उजवीकडे ठेवला आणि तिला दाखवायला सांगितले. बोट खाली गेले. थरथरले. मग वर आले. पुन्हा खाली, पुन्हा वर.

पुढचे मला चष्मा पुसावा लागल्यामुळे दिसले नाही.

१८ नोव्हेंबर

फिजिओ मॅडमना सारे सांगितले. त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या, मग त्यांनी तिला माउसवर बसवून आपल्या वहीत काही लिहून घेतले.

“चेंडू आवळायला शिकवतो,” त्या मला म्हणाल्या, “हा उंदीर सोडायला शिकवतो. आणि मुख्य म्हणजे यांना तो करावासा वाटतो. मी आठवड्यातून तीनदा येऊन यापेक्षा जास्त काय करणार? डिसेंबरपासून महिन्यातून एकदा येते, तपासून जाते. रोजचं यांचं या करतील.”

“म्हणजे नापास नाही ना, मॅडम?” सौभाग्यवतीने विचारले.

“पास. पण जाहिरातीवर नको हं.”

महिन्यातून एकदा माझ्या पगारात बसते. मी मॅडमना जिन्यापर्यंत पोचवायला गेलो आणि आभार मानले. त्या म्हणाल्या, माझे कशाला, बॅगवाल्याचे माना.

हा विचार मला अगदी योग्य वाटला.

२१ नोव्हेंबर

जाहिरात कंपनीला पत्र पाठवले. आरोप खरा असल्याचे, क्लिक्स माझ्याच घरातून झाल्याचे आणि खाते पुन्हा सुरू करण्याची विनंती नसल्याचे कळवले. रक्कम जाहिरातदारांना परत जात आहे याबद्दल समाधान व्यक्त केले.

दुसरे पत्र बॅगांच्या व्यापाऱ्याला. त्यांच्या मालाची माहिती माझ्या पत्नीने कोणत्याही ग्राहकापेक्षा अधिक बारकाईने पाहिली आहे, तिचा हेतू खरेदीचा नव्हता, तरी कप्पे आणि चाके इतकी चांगली दाखवली नसती तर तिचे बोट दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या जागी गेले नसते, असे लिहिले. मेहुण्याने मसुदा वाचला. तो म्हणाला, “भाऊजी, त्यांना वाटेल कोणीतरी वेडा आहे.” मी म्हणालो, वाटू दे.

सोबत लाल बॅगेची मागणी नोंदवली. आकार मधला.

२९ नोव्हेंबर

बॅग आली. सौभाग्यवतीने ती उजव्या हाताने दिवाणखान्यात ओढून पाहिली. दांडा धरता येतो, सोडताही येतो, वेळ लागतो एवढेच. स्क्रू अजून धरता येत नाही. काल तिने माझा चष्मा मागून घेतला, प्रयत्न केला, स्क्रू पडला, आणि आम्ही दोघेही गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होतो. सापडला नाही. दोरा पुन्हा बांधला आहे. मला घाई नाही.

“बॅग घेतली खरी, पण जायचं कुठे?” मी विचारले.

“बेकरीवाल्यांकडे,” ती म्हणाली. जणू कधीच ठरलेले होते. “त्यांच्या वडिलांना दाखवते ना कसं करायचं ते. तुम्ही लिहिता त्यातनं काय डोंबल कळणार त्यांना?”

बेकरीवाल्यांना विचारले. उत्तर एका शब्दाचे होते: “या.”

ज्या निर्णयासाठी ही दैनंदिनी सुरू केली तो असा: ‘उजवा हात’वर जाहिराती असणार नाहीत. चौकोन मात्र काढलेला नाही. मेहुण्याने तेथे एक सोय करून दिली आहे. चौकोनात एक चित्र दिसते. त्यावर क्लिक केले की आतले दुसरे उघडते, मग तिसरे. त्याच्या दुकानातली छायाचित्रे, बेकरीतली, आमच्या खिडकीतली. दुपारी कंटाळणाऱ्या सर्व बोटांसाठी. प्रकाशित करण्याचे बटण सौभाग्यवतीने दाबले, आणि सोडले. चौकोनाखालचे वाक्य माझे आहे, तीनदा तपासलेले:

“या चित्रावर क्लिक केल्याने कोणालाही काहीही मिळत नाही. फक्त बोटाला मिळते.”

स्वाक्षरी: ऑडिटर
स्थळ: टेबलाची डावी बाजू, उजवी आता तिची आहे
दिनांक: २९ नोव्हेंबर